महागडी साउंड सिस्टिम किती वर्षं टिकते आणि बिघडल्यावर काय करायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अँप्लिफायर, स्पीकर, टर्नटेबल, सीडी प्लेअर, स्ट्रीमर (इंटरनेटवरून गाणी वाजवणारं यंत्र) यांच्या दुरुस्तीबद्दल आम्हाला येणारे प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहिली आहेत. पाच-सहा हजारांच्या ब्लूटूथ स्पीकरबद्दल इथे काही सापडणार नाही. ज्या वस्तू घेताना घरात चर्चा झाली, कदाचित थोडी भांडणंही झाली, त्यांच्याबद्दलच हे आहे.

चांगल्या अँप्लिफायरचं आयुष्य किती धरायचं?

साधा ट्रान्झिस्टर अँप्लिफायर असेल तर २५ ते ३० वर्षं, मध्ये एक मोठी दुरुस्ती धरून. सत्तरच्या दशकातले मरांट्झ, सॅन्सुई, पायोनियर आजही वाजतात. ट्रान्सफॉर्मर, हीटसिंक, पत्र्याचा डबा यांना सहसा काही होत नाही. ट्रान्झिस्टरही वापराने झिजत नाही. तो जळतो तेव्हा बहुतेक वेळा स्पीकरच्या वायरी मागे एकमेकींना टेकलेल्या असतात.

खरा म्हातारा होतो तो इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. जुने मेकॅनिक त्याला अजूनही कंडेन्सरच म्हणतात. त्याच्या आत एक द्राव असतो आणि तो उष्णतेने हळूहळू सुकतो. कपॅसिटरच्या अंगावर ८५ किंवा १०५ अंश छापलेलं असतं. त्या तापमानाला तो किती तास टिकेल हे कंपनी सांगते, उदाहरणार्थ २,००० तास. तापमान दर १० अंशांनी उतरलं की हे तास साधारण दुप्पट होतात. आता हिशेब करा. १०५ अंशांचा कपॅसिटर डब्यात ६५ अंशांवर चालला तर ३२,००० तास मिळतात, म्हणजे रोज चार तास लावून जवळपास २२ वर्षं. त्याच जागी ८५ अंशांचा बसवला असेल तर ८,००० तास, म्हणजे साडेपाच वर्षं. दोन कपॅसिटरांच्या किमतीतला फरक काही रुपयांचा असतो.

तेव्हा आयुष्य वाढवायचं तर डबा थंड ठेवा. अँप्लिफायर काचेच्या दाराच्या शोकेसमध्ये कोंडू नका, त्याच्या डोक्यावर सेट टॉप बॉक्स ठेवू नका आणि भरतकामाचा रुमाल तर मुळीच नको. वर चार-सहा इंच मोकळी जागा लागतेच. क्लास ए अँप्लिफायर असेल तर त्याहून जास्त, कारण तो गाणं वाजत नसतानाही तेवढाच तापतो. अशा अँप्लिफायरचे कपॅसिटर दहा-पंधरा वर्षांत बदलायला आले तर कंपनीला दोष देऊ नये.

जास्त पैसे मोजले की वस्तू जास्त टिकते ना?

एका मर्यादेपर्यंत. त्यापुढचे पैसे आवाजाचे, लाकडाच्या पॉलिशचे आणि नावाचे असतात. दोन लाखांचा अँप्लिफायर वीस हजारांच्या अँप्लिफायरपेक्षा सहसा सुटसुटीत बांधलेला असतो, बोर्ड वेगळे काढता येतात, भाग ओळखू येतात. पण वीस लाखांचा अँप्लिफायर दोन लाखांच्या दहापट टिकतो, असा अनुभव कुणाचाच नाही.

किमतीपेक्षा कंपनीचं वागणं बघावं. कॅनडाची ब्रायस्टन आपल्या अॅनालॉग उपकरणांवर २० वर्षांची वॉरंटी देते. जपानची अॅक्युफेज दशकांपूर्वीची स्वतःची मॉडेलं दुरुस्त करते म्हणून ओळखली जाते. स्कॉटलंडच्या लिनचा एलपी१२ टर्नटेबल सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून बाजारात आहे आणि आज निघणारे बरेच सुटे भाग जुन्या एलपी१२वर बसतात. घेण्यापूर्वी दुकानदाराला आवाजाबद्दल विचारता तसंच विचारा: या कंपनीचं पंधरा वर्षांपूर्वीचं मॉडेल आणलं तर भारतात कोण उघडेल? उत्तरादाखल चहा मागवला गेला तर काय समजायचं ते समजा.

वीस वर्षांचा अँप्लिफायर आहे, व्यवस्थित वाजतो. सगळे कपॅसिटर बदलून घेऊ का?

नको. नीट चालणाऱ्या बोर्डावर शंभर-दीडशे ठिकाणी सोल्डर काढून पुन्हा मारायचं म्हणजे तेवढ्या ठिकाणी तांब्याची पट्टी उखडायची संधी. जुन्या बोर्डांवरची पट्टी तापवली की सहज सुटते. मेकॅनिककडून मुख्य फिल्टर कपॅसिटर मोजून घ्या, बायस (गाणं नसतानाही आउटपुटच्या भागांतून वाहणारा ठरावीक प्रवाह) आणि स्पीकरच्या आउटपुटवर नको असलेला डीसी येतोय का ते तपासून घ्या. घूं असा आवाज येत असेल, टोपी फुगलेली असेल, बुडाशी तपकिरी डाग असेल तर बदलायचे.

दोन अपवाद आहेत. २००० सालाच्या आगेमागे तैवानमधून आलेल्या काही कपॅसिटरांमधला द्राव मुळातच सदोष होता. त्या काळातल्या रिसीव्हरमध्ये फुगलेल्या टोप्या दिसल्या तर सरसकट बदला. दुसरा अपवाद रिफा कंपनीचे जुने पारदर्शक, पिवळट कवचाचे कपॅसिटर. ते वीज जिथून आत येते तिथेच लावलेले असतात. कवचाला बारीक तडे जातात, त्यातून दमटपणा आत शिरतो आणि एके दिवशी बटण दाबल्यावर खोलीभर उग्र धूर होतो. जुन्या युरोपियन टेप डेकमध्ये, विशेषतः रिव्हॉक्समध्ये, ते हमखास सापडतात. चालू करण्याआधी बदलून घ्या.

एक बाजू मधूनच बंद होते. आवाज मोठा केला की येते. बोर्ड गेला का?

बहुधा नाही. अँप्लिफायर चालू केल्यावर काही सेकंदांनी 'टक्' ऐकू येतं, तो स्पीकर वाचवणारा रिले. त्याचे कॉन्टॅक्ट काळे पडतात. कमी आवाजाचा क्षीण प्रवाह त्या काळ्या थरातून जात नाही, मोठा आवाज केला की जातो. आमच्याकडे 'अँप्लिफायर मेला' म्हणून येणाऱ्या डब्यांमध्ये ही तक्रार सर्वांत जास्त. नवीन रिले शे-दोनशे रुपयांत मिळतो. हजारो रुपयांचा आउटपुट बोर्ड बदलायचा सल्ला मिळाला तर आधी रिले बदलायला सांगा. रिले घासून साफ करणं तात्पुरतं असतं, कारण वरचा मुलामाही त्यासोबत निघतो.

व्हॉल्यूम फिरवताना खरखर येते.

कंट्रोलमध्ये धूळ आणि गंज. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक छोटा फवारा आत मारून वीसेक वेळा पूर्ण फिरवा. हे काम प्लग काढून करायचं. बिजागऱ्यांना मारतात तो गंजरोधक तेलाचा फवारा इथे चालत नाही. त्याच्या तेलात पुढच्या उन्हाळ्यात धूळ बसते.

स्पीकरच्या कोनभोवतीचा काळा फोम भुगा होऊन पडतोय. स्पीकर टाकून द्यायचा?

अजिबात नाही, ही तर स्पीकरची सर्वांत सोपी मोठी दुरुस्ती. पॉलियुरेथेनचा फोम हवेतल्या दमटपणामुळे कुजतो, वापरला तरी आणि डब्यात बंद ठेवला तरी. दहा ते वीस वर्षं म्हणतात. मुंबई, रत्नागिरी, पणजीत कमी धरा. तुलनेत ब्युटाइल रबर बरीच जास्त वर्षं टिकतं आणि कापडी सराउंड (कोनभोवतीची कडी) तर पन्नास वर्षांनंतरही शाबूत सापडतो.

नवा फोम मापाने मिळतो. बाहेरचा व्यास, आतला व्यास आणि वळीची रुंदी अशी तीन मापं घ्या. जुना गोंद पूर्ण काढायचा, कॉइल (कोनमागची तारेची गुंडाळी) बरोबर मध्यावर धरायची आणि मग चिकटवायचं. मध्य साधण्यासाठी घुमटाची टोपी कापून कॉइलभोवती कागदाच्या पट्ट्या घालतात. कामात घाई झाली तर कॉइल चुंबकाला घासते. घरी आल्यावर कोन चारही बाजूंनी बोटांनी सारखा दाबून पाहा. खसखस ऐकू आली तर परत न्या. आणि फोम गेल्याचं दिसलं त्या दिवसापासून वाजवणं बंद करा. तसंच वाजवत राहिलात तर कॉइल घासून जळते आणि मग नवा कोन, नवी कॉइल असं सगळंच करावं लागतं. मुंबई-पुण्यात डीजेच्या स्पीकरांचं हे काम करणारे कारागीर भरपूर आहेत. पण त्यांच्याकडचे कोन १५ आणि १८ इंची, जाडजूड. घरच्या स्पीकरवर तसा कोन बसवला की बास कोरडा होतो. हलक्या हाताचा माणूस शोधा.

माझा अँप्लिफायर कमी वॅटचा आहे, म्हणजे स्पीकर सुरक्षित ना?

हा समज फार जुना आहे. छोट्या अँप्लिफायरला त्याच्या ताकदीबाहेर रेटलं की आवाजाच्या लहरींची टोकं कापली जातात, आणि त्या कापलेल्या लहरींमधली जादाची ऊर्जा ट्वीटरमध्ये, म्हणजे बारीक सुरांच्या छोट्या स्पीकरमध्ये, जाते. आधी ट्वीटर जळतो. वाढदिवसाच्या रात्री भाचे मंडळींनी कंट्रोल टोकाला नेला की दुसऱ्या दिवशी आम्हाला फोन येतो.

ट्वीटर गेला की नाही हे मल्टिमीटरने कळतं. ८ ओहमचा ड्रायव्हर मीटरवर साधारण ६ ओहम दाखवतो, तुटलेला काहीच दाखवत नाही. जिवंत असून मंद वाजत असेल तर त्यातलं चुंबकीय तेल सुकलं असेल; ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या पुष्कळ ट्वीटरमध्ये ते असतं आणि बदलता येतं. यामाहाच्या एनएस-१०००एमसारख्या, १९७४मध्ये आलेल्या स्पीकरांचे घुमट बेरिलियमचे आहेत. तो घुमट चेपला किंवा फुटला तर हात लावू नका, घासू तर नकाच. बेरिलियमची धूळ फुप्फुसांसाठी विषारी आहे.

टर्नटेबलची सुई आणि पट्टा कधी बदलायचा?

सुई ५०० ते १,००० तासांनी, घडणीनुसार. रोज एक एलपी ऐकत असाल तर दोन ते चार वर्षांत. झिजलेली सुई रेकॉर्डचं नुकसान करते आणि ते भरून निघत नाही. आजोबांच्या किशोरीताईंच्या एलपीसाठी सुईवर कंजुषी करू नका. पट्टा रबरी असतो, पाच वर्षांत सैल पडतो. वेग डळमळतो, हार्मोनियमचा लांब सूर थरथरतो. थेट मोटारीवर फिरणाऱ्या टर्नटेबलला पट्टाच नसतो. टेक्निक्सचा एसएल-१२०० १९७२ साली आला, २०१०मध्ये बंद झाला आणि मागणीमुळे २०१६मध्ये परत आला. जुने एसएल-१२०० आजही निर्धोक घ्यावेत असे असतात, फक्त टोनआर्मच्या बेअरिंगमध्ये ढिलाई आहे का पाहा.

भाऊ अमेरिकेतून टर्नटेबल घेऊन येतोय. स्टेप डाउन ट्रान्सफॉर्मर लावला की झालं?

व्होल्टेजचं होईल, वेगाचं होईलच असं नाही. अमेरिकेत वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर हर्ट्झ बदलत नाही. जुन्या पट्ट्याच्या टर्नटेबलची एसी मोटार हर्ट्झवर चालते, त्यामुळे ती इथे सहाला पाच या प्रमाणात मंद फिरते. ३३⅓चे फेरे २८च्या खाली येतात. काळी एकमध्ये गाणारा गायक खालच्या काळी पाचच्या आसपास ऐकू येतो आणि ख्याल आपोआप विलंबित होतो. अशा मोटारीला ५० हर्ट्झची पुली बसवावी लागते किंवा ६० हर्ट्झ तयार करणारा वेगळा पुरवठा द्यावा लागतो. डीसी मोटारीच्या टर्नटेबलला ही अडचण नाही.

जपानमधून आलेल्या सेटचं व्होल्टेज १०० असतं. त्याला अमेरिकेसाठीचा ११०-१२० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावून चालवणारे पुष्कळ आहेत, आणि तो सेट कायम तापलेला असतो. १०० व्होल्टचा वेगळा बनवून घ्या, आणि सेटच्या गरजेच्या दीडपट ताकदीचा घ्या.

व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) अँप्लिफायर घ्यायचाय. सारखा खर्च येतो म्हणतात, खरं का?

खर्च येतो, पण अंदाजाबाहेरचा नाही. ईएल३४, केटी८८ यांसारखे आउटपुट व्हॉल्व्ह २,००० ते ५,००० तास चालतात. ईसीसी८३सारखे छोटे व्हॉल्व्ह त्याच्या दुप्पट तरी. नवे व्हॉल्व्ह आज मुख्यतः रशियातलं सारातोव, स्लोव्हाकिया आणि चीन इथे बनतात. २०२२मध्ये युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर रशियन मालाची आवक विस्कळीत झाली आणि किमती उडाल्या. तेव्हापासून आम्ही सुचवतो की एक जुळलेला जोड कपाटात ठेवावा. वापरला नाही तर व्हॉल्व्ह खराब होत नाही.

आउटपुट व्हॉल्व्ह बदलले की बायस लावून घ्यावा लागतो. काही अँप्लिफायर तो आपोआप लावतात. स्पीकर न जोडता व्हॉल्व्हचा अँप्लिफायर चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो आणि तो यातला सर्वांत महाग भाग. आत ४०० व्होल्टपेक्षा जास्त डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये तो राहतो. झाकण उघडून फोटो काढायचा मोह आवरा.

हे सगळं सांभाळलं तर मात्र व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरइतकी दुरुस्त करायला सोपी वस्तू दुसरी नाही. क्वाडचा १९५३चा अँप्लिफायर आजही साध्या सोल्डरिंग आयर्नने उभा करता येतो.

सीडी प्लेअर 'नो डिस्क' दाखवतो.

आधी भिंग पुसा: कापसाची काडी, आयसोप्रोपिल अल्कोहोल, अलगद हात. ट्रे अडखळत असेल तर आतला छोटा रबरी पट्टा बदला. त्यानंतरही चालला नाही तर लेझरचा प्रश्न. सोनीचे केएसएस मालिकेतले पिकअप अनेक कंपन्यांनी वापरले, त्यामुळे ते मिळतात, पण नक्कल जास्त आणि अस्सल कमी. गंमत अशी की अडचण जास्त येते ती महागड्या प्लेअरना. त्यातल्या कित्येकांत फिलिप्सची सीडी-प्रो २ ही यंत्रणा होती आणि फिलिप्सने ती बनवणं कधीच थांबवलं. असा प्लेअर जुना घेत असाल तर किंमत ठरवताना हे लक्षात घ्या. यंत्रणा गेली पण डिजिटल इनपुट असेल तर त्याचा डॅक (डिजिटल सिग्नलचा आवाजाच्या सिग्नलमध्ये बदल करणारा भाग) म्हणून उपयोग होतो.

स्ट्रीमर आणि होम थिएटर रिसीव्हर किती टिकतात?

यंत्र म्हणून दहा-बारा वर्षं. उपयोगाची वस्तू म्हणून कधीकधी निम्मी. या प्रश्नावर आमचं मत ठाम आहे, म्हणून थोडं सविस्तर.

स्ट्रीमरमध्ये झिजण्यासारखं काही नसतं. तो मरतो तो दूरच्या कुठल्या तरी निर्णयामुळे. सोनोसने जानेवारी २०२०मध्ये जाहीर केलं की सर्वांत जुन्या उपकरणांना मे महिन्यापासून नवे अपडेट मिळणार नाहीत. ग्राहक खवळले, मग जुन्यांसाठी वेगळं आणि नव्यांसाठी वेगळं अशी दोन अॅप झाली. लॉजिटेकने स्क्वीझबॉक्स हा स्ट्रीमर २०१२मध्ये बंद केला आणि त्यामागची ऑनलाइन सेवा २०२४मध्ये. तरीही स्क्वीझबॉक्स आज वाजतात, कारण त्यांचा सर्व्हर मुक्त स्रोत आहे आणि हौशी लोक तो लिरियन या नावाने चालवतात. कंपनीने सोडलेली वस्तू अशा रीतीने वाचणं विरळा.

रिसीव्हरची गोष्ट वेगळी. त्यात एचडीएमआयचा बोर्ड सर्वांत गरम आणि सर्वांत नाजूक. त्यावरच्या चिपचे टाके पोटाखाली असतात, साध्या आयर्नने ते गाठता येत नाहीत. बोर्डच बदलावा लागतो आणि मॉडेल सात-आठ वर्षं जुनं झालं की बोर्ड सहसा मिळत नाही. शिवाय चित्राचे नियम बदलतात: एचडीसीपी २.२ (४के सिनेमाची नक्कल रोखणारी पद्धत) येण्याआधीचा रिसीव्हर ठणठणीत असला तरी ४के सिनेमा पुढे पाठवत नाही. तेव्हा टीव्हीला थेट जोडून आवाजापुरता वापरा.

चिपवर अवलंबून असण्याचं एक उदाहरण: ऑक्टोबर २०२०मध्ये जपानमधल्या नोबेओका इथे एकेएम कंपनीच्या कारखान्याला आग लागली. डॅकच्या चिप मिळेनाशा झाल्या आणि अनेक कंपन्यांना चालू मॉडेल दुसऱ्या चिपवर नव्याने बेतावी लागली. जुन्या मॉडेलसाठी ती चिप कुठून आणणार?

म्हणून आम्ही सांगतो: पैसा स्पीकर आणि अँप्लिफायरमध्ये घाला, स्ट्रीमर वेगळा आणि स्वस्त ठेवा. सगळं एकाच डब्यात देणारी देखणी यंत्रं दिवाणखान्यात शोभतात, पण त्यातला संगणक म्हातारा झाला की सोबत चांगला अँप्लिफायरही जातो.

आमच्याकडे वीज वरखाली होते. स्टॅबिलायझर लावावा का?

व्होल्टेज रोज १९०च्या खाली किंवा २५०च्या वर जात असेल तर लावा, पण सर्व्हो प्रकारचा (छोट्या मोटारीने व्होल्टेज सावरणारा). रिलेचा स्वस्त स्टॅबिलायझर टकटक करतो आणि ती टकटक स्पीकरमधून ऐकू येते. शहरात बऱ्याच ठिकाणी त्याची गरज नसते.

जास्त भीती न्यूट्रल तुटण्याची. सोसायटीच्या मीटर रूममध्ये न्यूट्रलची जोडणी सैल झाली की एखाद्या फ्लॅटमध्ये २३०ऐवजी ३५०-४०० व्होल्ट येऊ शकतात. एका मिनिटात टीव्ही, फ्रिज, अँप्लिफायर सगळं जातं. मुख्य बोर्डावर जादा व्होल्टेजला तोडणारं यंत्र बसवून घ्या. सिस्टिमच्या किमतीपुढे त्याचा खर्च नगण्य आहे. स्पाइक गार्डमधला भाग प्रत्येक धक्क्यागणिक झिजतो, दिवा लागतो म्हणजे संरक्षण आहे असं नाही.

वळवाच्या आणि परतीच्या पावसात गडगडायला लागलं की प्लग काढा. बटण बंद करणं पुरेसं नाही. डिशची वायर आणि इंटरनेटची तांब्याची वायरही काढा, वीज तिथूनही येते.

घूं आवाज येतो म्हणून प्लगची अर्थिंगची पिन कापणारे 'तज्ज्ञ' भेटतील. त्यांना घरी बोलावू नका. आवाज बहुतेक वेळा केबल टीव्हीच्या वायरमुळे येतो; ती काढून पाहा. इन्व्हर्टर चौकोनी लहरींचा असेल तर त्यावर अँप्लिफायर चालवू नका. ट्रान्सफॉर्मर स्वतःच गुणगुणायला लागतो.

कोकणात घर आहे. पावसाळ्यात काय काळजी घ्यायची?

चार महिने झाकून ठेवणं हा सर्वांत वाईट उपाय. प्लास्टिकच्या आवरणाखाली दमटपणा कोंडतो, कागदी कोनवर पांढरी बुरशी धरते, कॉन्टॅक्ट हिरवे होतात. आठवड्यातून दोन-तीनदा तासभर वाजवा; आतल्या उबेने डबा कोरडा राहतो. बंद घर असेल तर स्पीकर भिंतीपासून दूर, जमिनीपासून उंच, सुती कापडाखाली ठेवा. कपाटात सिलिका जेल ठेवत असाल तर ते तापवून पुन्हा कोरडं करावं लागतं, नाहीतर त्या नुसत्या पुड्याच राहतात. समुद्राजवळ खारी हवा आरसीएच्या (मागच्या लाल-पांढऱ्या पिनांच्या) जोडण्या खाते. दर पावसाळ्यानंतर सगळ्या पिना एकदा काढून, पुसून, परत घाला.

आणि पाली. अँप्लिफायर उबदार असतो, म्हणून त्या आत शिरतात आणि मुख्य पुरवठ्याच्या दोन टोकांवर आडव्या पडतात. पाल जाते, सोबत फ्यूज जातो, कधी ट्रान्सफॉर्मरही. मागच्या जाळीच्या मोठ्या भोकांवर बारीक नायलॉनची जाळी लावा, हवा अडणार नाही इतकी विरळ.

वडिलांचा अँप्लिफायर पंधरा वर्षं माळ्यावर होता. चालू करून पाहू?

थेट प्लग लावू नका. मेकॅनिककडे सिरीज लॅम्प असतो: ६० किंवा १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब, सेटच्या मालिकेत जोडलेला. आत शॉर्ट असेल तर बल्ब भगभगीत पेटतो आणि सेट वाचतो. ठीक असेल तर क्षणभर उजळून मंद होतो. एलईडीचा बल्ब या कामाला चालत नाही. मुंबईची नॉर्ज, कोलकात्याची सोनोडाइन, आणि कॉस्मिक, या भारतीय सेटमधले भाग साधे असतात आणि सर्किटचा नकाशा नसतानाही चांगला मेकॅनिक त्यांची घडण ओळखतो. ते भंगारात देऊ नका.

चांगला मेकॅनिक कसा ओळखायचा?

तो झाकण उघडण्याआधी प्रश्न विचारतो. कधी बिघडलं, तेव्हा काय वाजत होतं, वास आला का. काढलेले भाग परत देतो. 'आयसी गेलाय' असं बघताक्षणी सांगत नाही.

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तापकीर गल्ली इथे सुटे भाग मिळतात, पण नकली मालही तिथेच मिळतो. तोशिबाचे २एससी५२०० आणि २एसए१९४३ हे आउटपुट ट्रान्झिस्टर जगभर नक्कल होणाऱ्यांत अग्रभागी आहेत. सान्योच्या एसटीके मोड्यूलचंही तेच. नकली ट्रान्झिस्टर हळू आवाजात छान चालतो आणि पहिल्या मोठ्या मैफलीत स्पीकरसकट जातो. अधिकृत वितरकाकडून बिलासह मागवलेले भाग चार पैसे महाग पडतील, तेच घ्यायला सांगा. दुरुस्तीनंतर सेट निदान दोन-तीन तास वाजवून दाखवायचा आग्रह धरा. तपासणीची फी मागितली तर द्या. फुकट निदान करणारा ते पैसे कुठून तरी वसूल करतोच.

वॉरंटीत आहे, पण सर्व्हिस सेंटर महिनोन् महिने टोलवतंय.

सगळं ईमेलवर आणा, फोनवरच्या आश्वासनाला पुरावा नसतो. जॉब शीटची प्रत घ्या आणि त्यावर सीरियल नंबर आहे का पाहा. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५वर तक्रार नोंदवा. अनेक प्रकरणं इथेच मार्गी लागतात. नाही लागलं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या कायद्यानुसार तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आणि वकील नसला तरी चालतं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं आहे. दुबईहून किंवा सिंगापूरहून सुटकेसमध्ये आलेल्या मालाला बहुतेक कंपन्या इथे वॉरंटी देत नाहीत. तो घेताना वाचलेले पैसे दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा.

दुरुस्ती कधी सोडून द्यावी?

ट्रान्सफॉर्मर आणि बोर्ड दोन्ही जळले असतील तेव्हा. पुराचं पाणी डब्यात शिरून आठवडाभर राहिलं असेल तेव्हा. रिसीव्हरचा डिजिटल बोर्ड गेला आणि तो कुठेच मिळत नसेल तेव्हा. आमचा ढोबळ नियम: तसाच चालता सेट जुन्या बाजारात जेवढ्याला मिळतो, त्याच्या निम्म्यापेक्षा जास्त खर्च येत असेल तर थांबा. स्पीकरना हा नियम लावू नका, चांगली लाकडी पेटी आज तशी बनवून मिळत नाही. आठवणीसाठी दुरुस्त करत असाल तर कुठलाच नियम नाही.

दुसऱ्या शहरात दुरुस्तीला पाठवायचंय. पॅकिंग कसं करू?

मूळ खोका माळ्यावर जपला असेल तर निम्मं काम झालं. नसेल तर दोन खोके, एकात एक, मध्ये सगळीकडून दोन इंच जाड फोम. जुने कपडे आणि वर्तमानपत्रं दबून जागा सोडतात, ती वापरू नका. जड ट्रान्सफॉर्मरचा अँप्लिफायर पडला तर बुडाचा पत्रा वाकतो, म्हणून खालचा फोम टणक घ्या. व्हॉल्व्ह काढून, कुठला कुठे होता ते लिहून, वेगळे गुंडाळा. टर्नटेबलची थाळी, पट्टा, मागचं वजन आणि सुई काढा, टोनआर्म दोऱ्याने हलकेच बांधा. सीडी प्लेअरला खाली वाहतुकीचा स्क्रू असेल तर तो घट्ट करा. पाठवण्याआधी सीरियल नंबरसह सगळ्या बाजूंचे फोटो काढा आणि कुरियरचा विमा पूर्ण किमतीचा उतरवा. परदेशात पाठवत असाल तर दुरुस्तीसाठी निर्यात केल्याचे कागद आधी करून घ्या, नाहीतर परत येताना कस्टम तुमच्याच अँप्लिफायरवर नव्या वस्तूसारखी ड्यूटी मागेल.